शुक्राचं अधिक्रमण, १७६१ आणि १७६९: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अठराव्या शतकाच्या मध्याला सूर्य पृथ्वीपासून किती लांब आहे हे मोजण्यासाठी माणसं सायबेरियापासून ताहितीपर्यंत गेली. काहींचे त्यात प्राण गेले, काहींची हयातीतली दहा-बारा वर्षं गेली. शाळेच्या पुस्तकात याची एक ओळही सापडत नाही. सूर्य सुमारे १५ कोटी किलोमीटर लांब आहे एवढंच आपण पाठ करतो. तो आकडा कुठून आला, याबद्दल लोक जे विचारतात त्याची उत्तरं इथे एकत्र केली आहेत.

अधिक्रमण म्हणजे नेमकं काय?

पृथ्वी आणि सूर्य यांच्यामधून शुक्र जाताना तो सूर्यबिंबावरून सरकणाऱ्या एका काळ्या ठिपक्यासारखा दिसतो. त्याला शुक्राचं अधिक्रमण म्हणतात. तत्त्व सूर्यग्रहणाचंच आहे. पण ठिपक्याचा व्यास सूर्यबिंबाच्या जेमतेम तेहेतिसाव्या भागाइतका असतो, त्यामुळे उजेडात काही फरक पडत नाही. कोणी सांगितलं नाही तर वर काही चाललं आहे हे कळणारही नाही. ठिपका एका कडेने आत येतो आणि पाच-सहा तासांनी दुसऱ्या कडेने बाहेर पडतो.

शुक्र तर दर दीड-दोन वर्षांनी सूर्याजवळ येतो. मग अधिक्रमण इतकं दुर्मीळ का?

पंचांग पाहणाऱ्या घरांत ‘शुक्राचा अस्त’ ठाऊक असतो. त्या दिवसांत लग्नाचे मुहूर्त नसतात. शुक्राचा थोड्या दिवसांचा जो अस्त असतो, त्यात तो आपल्या आणि सूर्याच्या मधूनच जात असतो आणि हे सुमारे ५८४ दिवसांनी एकदा घडतं. पण शुक्राची कक्षा पृथ्वीच्या कक्षेशी सुमारे ३.४ अंशांनी कललेली आहे. त्यामुळे बहुतेक वेळा तो सूर्यबिंबाच्या वरून किंवा खालून निघून जातो. दोन्ही कक्षांची पातळी जिथे छेदते त्या पातबिंदूजवळ तो नेमक्या वेळी असेल तरच बिंबावरून जातो, आणि हे फक्त जून किंवा डिसेंबरमध्ये होऊ शकतं.

अधिक्रमणं जोडीने येतात. दोन अधिक्रमणांत आठ वर्षांचं अंतर असतं आणि त्यानंतर शंभराहून अधिक वर्षं एकही होत नाही. दुर्बिणीचा शोध लागल्यापासूनची सगळी वर्षं अशी: १६३१ आणि १६३९, १७६१ आणि १७६९, १८७४ आणि १८८२, २००४ आणि २०१२. अठराव्या शतकातल्या माणसाला आयुष्यात दोनच संधी होत्या. दोन्ही वेळा ढग आले तर पुढची संधी पणतवंडांच्या वाट्याला.

त्याआधी सूर्याचं अंतर कोणालाच माहीत नव्हतं का?

ग्रहमालेचा नकाशा होता, पण त्यावर किलोमीटरची खूण नव्हती. ग्रहाचा फेरीचा काळ आणि सूर्यापासूनचं अंतर यांचं नातं सांगणाऱ्या केप्लरच्या तिसऱ्या नियमामुळे अंतरांची प्रमाणं पक्की ठाऊक होती. पृथ्वी सूर्यापासून १ अंतरावर असेल तर शुक्र ०.७२ वर, मंगळ १.५२ वर आणि गुरू ५.२ वर. पण हा ‘१’ म्हणजे किती कोस, हे कोणाला छातीठोकपणे सांगता येत नव्हतं. एक अंतर मिळालं की बाकीची सगळी आपोआप मिळणार होती, म्हणून या एका आकड्यासाठी एवढा आटापिटा झाला.

१६७२ मध्ये कॅसिनी या खगोलशास्त्रज्ञाने पॅरिसमधून आणि त्याच्या सहकारी रिशेने दक्षिण अमेरिकेतल्या केयेनमधून एकाच वेळी मंगळ पाहिला आणि त्यावरून सूर्याचं अंतर साधारण १४ कोटी किलोमीटर काढलं. उत्तर आजच्या आकड्याच्या आसपास आहे खरं, पण मोजमापातली संभाव्य चूकच एवढी मोठी होती की त्यावर भिस्त ठेवून पुढचं गणित करता येत नव्हतं.

एका काळ्या ठिपक्यावरून अंतर कसं निघतं?

हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर नीट समजून घेतलं तर पुढचं सगळं उलगडतं.

हात लांब करून अंगठा डोळ्यांसमोर धरा आणि आधी एक, मग दुसरा डोळा मिटा. मागच्या भिंतीवर अंगठा जागा बदलताना दिसतो. दोन डोळ्यांमधलं अंतर ठाऊक असेल आणि अंगठा किती सरकला हे मोजता आलं, तर अंगठ्यापर्यंतचं अंतर काढता येतं. या सरकण्याला पराशय म्हणतात.

आता दोन डोळ्यांच्या जागी पृथ्वीवरची दोन दूरची ठिकाणं घ्या, अंगठ्याच्या जागी शुक्र आणि भिंतीच्या जागी सूर्यबिंब. उत्तर-दक्षिण १०,००० किलोमीटर अंतरावर उभ्या असलेल्या दोघांना शुक्र सूर्यबिंबावर एकाच जागी दिसणार नाही. दोन जागांमध्ये सुमारे ३५ विकलांचा फरक पडेल. एका अंशाचे ३,६०० भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे विकला. सूर्यबिंबाचा व्यासच सुमारे १,८९० विकला आहे, म्हणजे हा फरक त्या व्यासाच्या पन्नासाव्या भागाहूनही थोडा कमी.

एवढा बारीक कोन तेव्हाच्या उपकरणांनी हव्या त्या अचूकतेने थेट मोजणं शक्य नव्हतं. इथे एडमंड हॅली या इंग्रज खगोलशास्त्रज्ञाची हुशारी कामाला आली. त्याने कोन मोजायचा सोडून वेळ मोजायचं ठरवलं. उत्तरेकडच्या आणि दक्षिणेकडच्या माणसाला शुक्र सूर्यबिंबावरच्या वेगवेगळ्या रेषांवरून जाताना दिसतो. बिंब गोल असल्यामुळे एक रेषा लांब असते आणि दुसरी आखूड. लांब रेषा पार करायला जास्त वेळ लागतो. शिवाय पृथ्वी स्वतःभोवती फिरत असल्याने तो फरक काही ठिकाणी आणखी वाढतो. १७६९ मध्ये नॉर्वेच्या उत्तर टोकावरच्या वार्डो बेटावर आणि ताहितीवर मोजलेल्या वेळांत सुमारे २३ मिनिटांचा फरक आला. कोन चिमुकला होता, पण २३ मिनिटं लंबकाच्या घड्याळावर कोणीही मोजू शकतो. मला विज्ञानाच्या इतिहासातल्या सर्वांत सुंदर युक्त्यांपैकी ही एक वाटते: जे मोजता येत नाही ते मोजता येणाऱ्या गोष्टीत बदलून घ्यायचं.

ही कल्पना हॅलीचीच का? धूमकेतूवाला हॅली तोच ना?

हो, तोच एडमंड हॅली. पण तो पहिला नव्हता. त्याच्या आधी स्कॉटलंडच्या जेम्स ग्रेगरीने १६६३ मध्ये अधिक्रमणांचा असा उपयोग सुचवला होता. त्याच्याही आधी १६३९ मध्ये जेरेमाया हॉरॉक्स या विशीतल्या इंग्रज तरुणाने केप्लरच्या कोष्टकांतली चूक ओळखून त्या वर्षी अधिक्रमण होणार हे स्वतः गणित करून काढलं. लँकेशायरमधल्या मच हूल गावी त्याने ते कागदावर सूर्याची प्रतिमा पाडून पाहिलं. त्याचा मित्र विल्यम क्रॅबट्री यानेही मँचेस्टरजवळ पाहिलं. ते पाहिल्याची नोंद या दोघांचीच आहे. हॉरॉक्स १६४१ च्या जानेवारीत वारला. पंचविशीही गाठली नाही.

हॅली १६७७ मध्ये सेंट हेलेना बेटावर दक्षिणेकडचे तारे मोजत असताना त्याने बुधाचं अधिक्रमण पाहिलं. ठिपका बिंबाला आतून टेकतो तो क्षण किती नेमका टिपता येतो हे त्याच्या तेव्हा लक्षात आलं. पण बुध आपल्यापासून लांब, त्यामुळे पराशय फार लहान. शुक्र हवा. १७१६ मध्ये त्याने रॉयल सोसायटी या लंडनच्या विज्ञानसंस्थेच्या नियतकालिकात संपूर्ण योजना मांडली आणि दूरदूरच्या ठिकाणी निरीक्षक पाठवायची पुढच्या पिढीला कळकळीची विनंती केली. सूर्याचं अंतर पाचशेत एक भाग एवढ्या अचूकतेने मिळेल असा त्याचा अंदाज होता.

लेख लिहिताना तो साठीचा होता आणि अधिक्रमणाला ४५ वर्षं अवकाश होता. आपण ते पाहणार नाही हे त्याला पुरतं ठाऊक होतं. १७४२ मध्ये तो गेला. त्याची विनंती मात्र पुढच्या पिढीने पाळली.

मग देलिलचं नाव कशासाठी घेतात?

हॅलीच्या पद्धतीत सुरुवात आणि शेवट दोन्ही दिसायला हवेत, म्हणजे पाच-सहा तास आकाश निरभ्र हवं. पॅरिसच्या जोझेफ-निकोला देलिलने दाखवलं की दोन्हींपैकी एकच क्षण टिपला तरी चालेल. मात्र त्या ठिकाणाचे रेखांश पक्के माहीत असले पाहिजेत. १७६० मध्ये त्याने कुठून काय दिसेल याचा जगाचा नकाशा तयार करून युरोपभरच्या अभ्यासकांना पाठवला. मोहिमा कुठे पाठवायच्या हे ठरवण्यात त्या नकाशाचा मोठा वाटा होता.

रेखांश मोजणं एवढं अवघड का होतं? आणि बरोबर काय काय न्यायचे?

रेखांश म्हणजे दोन ठिकाणांच्या स्थानिक वेळांतला फरक. पॅरिसची वेळ पाँडिचेरीत बसून कळायची कशी? हलत्या जहाजावर नीट चालेल असं घड्याळ तेव्हा कोणाच्या हाती नव्हतं. जॉन हॅरिसनचं प्रसिद्ध सागरी घड्याळ परीक्षेसाठी जमैकाकडे निघालं ते १७६१ च्या नोव्हेंबरात, म्हणजे पहिलं अधिक्रमण होऊन गेल्यावर. म्हणून निरीक्षक आधी महिनाभर तरी मुक्कामाला जात, गुरूच्या उपग्रहांची ग्रहणं आणि चंद्राची स्थिती पुन्हा पुन्हा टिपत आणि त्यावरून रेखांश काढत.

सामानात लंबकाचं घड्याळ, उंची मोजण्याचं पितळी चतुर्थांश यंत्र, एक-दोन दुर्बिणी आणि धुरकटवलेली काच असे. लंडनच्या जॉन डॉलंडने १७५८ मध्ये दोन प्रकारच्या काचा जोडून केलेल्या भिंगाचं पेटंट घेतलं होतं. या भिंगातून प्रतिमेला रंगीत किनार येत नसे. त्यामुळे लहान नळीतूनही स्वच्छ दिसू लागलं आणि पेटीत भरून जहाजावर नेता येईल अशी चांगली दुर्बीण मिळाली. (धुरकट काचेतून सूर्य पाहण्याची त्यांची पद्धत आज कोणीही वापरू नये. डोळे जातात.)

१७६१ मध्ये तर युरोपात युद्ध चालू होतं. मोहिमा निघाल्या कशा?

इंग्लंड आणि फ्रान्स यांच्यातलं सप्तवार्षिक युद्ध १७५६ पासून १७६३ पर्यंत चाललं, आणि ते युरोपात, अमेरिकेत, भारतात आणि समुद्रावर एकाच वेळी चालू होतं. त्याच जहाजांच्या रांगांमधून शास्त्रज्ञांना जायचं होतं.

चार्ल्स मेसन आणि जेरेमाया डिक्सन हे इंग्रज सुमात्राच्या बेंकुलेनला निघाले. खाडीबाहेर पडताच फ्रेंच युद्धनौकेने त्यांच्या जहाजावर हल्ला केला. ११ माणसं मेली, कित्येक जखमी झाली. दोघांनी पुढे जायला नकार दिला, तेव्हा रॉयल सोसायटीने त्यांना कोर्टात खेचण्याची धमकी दिली. निघाले तोवर उशीर झाला होता आणि बेंकुलेनही फ्रेंचांच्या ताब्यात गेलं होतं. शेवटी आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला केप ऑफ गुड होपला उतरून त्यांनी निरीक्षण केलं आणि ते उत्तम निघालं. नंतर अमेरिकेत मेरीलँड आणि पेन्सिल्व्हेनिया यांच्यामधली सीमा आखणारे मेसन-डिक्सन ते हेच. नेव्हिल मॅस्केलिन हा इंग्रज खगोलशास्त्रज्ञ सेंट हेलेनावर गेला होता, त्याच्या नशिबी ढग आले. फ्रान्सचा पँग्रे हिंदी महासागरातल्या रॉड्रिग्ज बेटावर होता. त्याच्याजवळ इंग्रज नौदलाचं अभयपत्र होतं, तरीही इंग्रजांनी बेटावर हल्ला केला आणि तो तिथे अडकून पडला.

शाप दोतरॉश हा फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ बर्फावरून घसरगाड्यांतून सायबेरियातल्या तोबोल्स्कला पोचला, तो नद्यांचा बर्फ वितळायच्या जेमतेम आधी. त्या वसंतात नदीला मोठा पूर आला. हा परदेशी माणूस सूर्याशी काहीतरी खेळ करतोय म्हणूनच हे झालं, असं लोकांना वाटू लागलं आणि त्याला पहारा द्यावा लागला. निरीक्षण मात्र नीट झालं.

भारताशी याचा काही संबंध आहे का?

फार जवळचा. ६ जून १७६१ चं अधिक्रमण आपल्या वेळेनुसार सकाळी साधारण साडेसात ते दुपारी दोनपर्यंत चाललं, म्हणजे भारतभर ते सुरुवातीपासून शेवटापर्यंत सूर्य वर असतानाच घडलं. मद्रासमध्ये विल्यम हर्स्ट या इंग्रज धर्मोपदेशकाने ते पाहिलं आणि त्याचा वृत्तांत रॉयल सोसायटीने छापला.

महाराष्ट्रासाठी ते वर्ष काय होतं हे सांगायला नको. १४ जानेवारीला पानिपत झालं. अधिक्रमणानंतर सतराच दिवसांनी, २३ जूनला, नानासाहेब पेशवे पर्वतीवर वारले. पानिपतानंतर दोनच दिवसांत, १६ जानेवारीला, दक्षिणेत पाँडिचेरी इंग्रजांच्या हाती पडली. या दुसऱ्या घटनेने एका फ्रेंच शास्त्रज्ञाचं पुढचं आयुष्य पार बदलून टाकलं. त्याची हकीकत पुढच्या उत्तरात आहे.

ल जांतीची गोष्ट खरी आहे, की नंतर रंगवलेली?

खरी आहे. रंगवायची गरजच नाही.

गियोम ल जांती २६ मार्च १७६० ला फ्रान्समधल्या ब्रेस्ट बंदरातून निघाला. पाँडिचेरीत बसून अधिक्रमण टिपायचं ही त्याची कामगिरी. जुलैत तो आजच्या मॉरिशसला पोचला. युद्धामुळे तिथून पुढे जहाज मिळेना. अखेर मार्च १७६१ मध्ये एक फ्रेंच युद्धनौका मिळाली, पण वारे उलटे. मे महिन्यात जहाज मलबार किनाऱ्यावर माहेजवळ आलं तेव्हा बातमी कळली की पाँडिचेरी पडली आहे. कप्तानाने जहाज माघारी फिरवलं. ६ जूनला आकाश स्वच्छ होतं. ल जांतीने भर समुद्रात डेकवरून शुक्र पाहिला. पण डोलणाऱ्या जहाजावर लंबकाचं घड्याळ चालत नाही आणि जहाजाचे रेखांशही नक्की नव्हते. त्या निरीक्षणाचा गणितात काही उपयोग नव्हता.

परत जाण्याऐवजी त्याने आठ वर्षं थांबायचं ठरवलं. मधल्या काळात मादागास्कर आणि आसपासच्या बेटांचे नकाशे केले, वारे आणि भरती-ओहोटीच्या नोंदी घेतल्या. दुसऱ्या अधिक्रमणासाठी त्याने मनिला निवडलं आणि १७६६ मध्ये तिथे पोचला. तिथल्या स्पॅनिश गव्हर्नरला त्याची शिफारसपत्रं बनावट वाटली. दरम्यान तहानंतर पाँडिचेरी फ्रेंचांना परत मिळाली होती आणि पॅरिसच्या विज्ञान अकादमीलाही तीच जागा पसंत होती. मार्च १७६८ मध्ये तो पाँडिचेरीत आला. उद्ध्वस्त किल्ल्याच्या अवशेषांवर त्याला वेधशाळा बांधून दिली गेली. ज्यांनी ते शहर पाडलं होतं त्या इंग्रजांनीच मद्रासहून त्याला एक चांगली दुर्बीण पाठवली.

१७६९ चं अधिक्रमण भारतात सूर्योदयाआधीच सुरू झालेलं असणार होतं. उगवत्या सूर्यावर शुक्र साधारण तासभर दिसला असता आणि बाहेर पडण्याचा क्षण टिपता आला असता. मे महिनाभर सकाळी आकाश छान होतं. ३ जूनच्या रात्रीही. पहाटे वारा सुटला, ढग आले आणि अधिक्रमण संपेपर्यंत सूर्य दिसलाच नाही. नंतर तो दिवसभर लख्ख तळपत राहिला. मनिलात त्या सकाळी आकाश निरभ्र होतं. ल जांतीने पुढे लिहिलं की दोन आठवड्यांहून अधिक काळ त्याला लेखणी हातात धरवत नव्हती.

परतीच्या वाटेवर आजारपण आणि वादळं झेलत तो १७७१ च्या ऑक्टोबरात, साडेअकरा वर्षांनी, पिरेनीज पर्वत ओलांडून फ्रान्समध्ये आला. घरी तो मेला असं समजून नातेवाईक मालमत्तेची वाटणी करायला निघाले होते. अकादमीतली त्याची जागाही दुसऱ्याला गेली होती. पुढे त्याला अकादमीत परत घेतलं, त्याचं लग्न झालं, मुलगी झाली आणि १७९२ मध्ये तो वारला.

या गोष्टीची दुर्दैवी बाजू सगळे सांगतात. मला जास्त महत्त्वाची वाटते ती दुसरी बाजू. पाँडिचेरीत थांबलेल्या काळात ल जांती एका तमिळ ज्योतिष्याकडून ग्रहणगणित शिकला. कागद-लेखणी न घेता जमिनीवर कवड्या मांडत, तोंडपाठ केलेल्या कोष्टकांवरून हे लोक ग्रहण काढत, आणि त्यांचा वेग पाहून तो थक्क झाला. ३० ऑगस्ट १७६५ च्या चंद्रग्रहणाचा कालावधी तमिळ गणिताने ४१ सेकंदांनी कमी आला होता, तर युरोपातल्या टोबियास मायरच्या नावाजलेल्या कोष्टकांनी ६८ सेकंदांनी जास्त. त्याने हे सगळं आपल्या प्रवासग्रंथात छापलं आणि भारतीय ज्योतिर्गणिताची पद्धत युरोपीय वाचकांपुढे तपशिलात ठेवली. अधिक्रमण हुकलं नसतं तरी हे काम मोठंच ठरलं असतं.

‘काळा थेंब’ काय भानगड आहे?

हॅलीची सगळी भिस्त एका क्षणावर होती. शुक्र पूर्ण आत येऊन बिंबाच्या कडेपासून सुटतो तो क्षण. प्रत्यक्षात तो सुटतच नाही असं दिसलं. ठिपका आणि कड यांच्यामध्ये काळा पूल तयार होतो, ताणला जातो आणि मग अचानक नाहीसा होतो. सुटण्याचा क्षण नक्की कोणता धरायचा? शेजारी-शेजारी उभ्या असलेल्या दोघांच्या नोंदींतही कितीतरी सेकंदांचा फरक पडू लागला. दुर्बिणीतली आणि हवेतली अंधुकता, शिवाय सूर्यबिंब कडेला मंद होत जातं ते, हे सगळं मिळून हा भास होतो. १७६१ च्या निरीक्षणांतून अंतराची उत्तरं एकमेकांपासून एवढी लांब आली की लोक खट्टू झाले. सूर्याचा पराशय कोणी ८.३ विकला काढला, कोणी १०.६. याचा अर्थ अंतरात साडेतीन कोटी किलोमीटरची तफावत.

शुक्रावर वातावरण आहे हे याच वेळी कळलं का?

सेंट पीटर्सबर्गमध्ये मिखाईल लोमोनोसोवने १७६१ मध्ये शुक्र कडेवर असताना त्याच्याभोवती अंधूक उजेड आणि कडेवर फुगवटा पाहिला, आणि त्यावरून शुक्राला पृथ्वीसारखं वातावरण आहे असा निष्कर्ष त्याच वर्षी छापला. निष्कर्ष बरोबर होता. त्याला नेमकं काय दिसलं असावं यावर अभ्यासक अजून वाद घालतात.

कॅप्टन कुक यात कुठे येतो?

इंग्रज दर्यावर्दी जेम्स कुकच्या पहिल्या जगप्रवासाचं जाहीर कारण हेच अधिक्रमण होतं. १७६८ च्या ऑगस्टमध्ये ‘एंडेव्हर’ जहाज निघालं आणि एप्रिल १७६९ मध्ये ताहितीला पोचलं. किनाऱ्यावर एक तटबंदी उभारली, तिला ‘फोर्ट व्हीनस’ नाव दिलं. चतुर्थांश यंत्र चोरीला गेलं, ते धावपळ करून परत मिळवलं. ३ जूनला एकही ढग नव्हता. उन्हात ठेवलेला तापमापक ११९ अंश फॅरनहाइटपर्यंत चढला. कुक, खगोलशास्त्रज्ञ चार्ल्स ग्रीन आणि निसर्गअभ्यासक सोलांडर यांनी वेगवेगळ्या वेळा नोंदल्या आणि त्यांच्यात अपेक्षेपेक्षा जास्त फरक निघाला. कारण तेच, काळा थेंब.

निरीक्षण झाल्यावर कुकने मोहोरबंद आदेश उघडला. दक्षिणेकडचं अज्ञात खंड शोधायचं होतं. तिथून तो न्यूझीलंडला आणि १७७० मध्ये ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्याला गेला. तिथल्या मूळ रहिवाशांवर त्यानंतर जे ओढवलं त्याची सुरुवातही याच प्रवासात आहे, आणि अधिक्रमणाची गोष्ट सांगताना ते गाळणं मला योग्य वाटत नाही. ग्रीन परतीच्या प्रवासात आजाराने वारला.

१७६९ मध्ये आणखी कोण कुठे होतं?

शाप दोतरॉश या वेळी मेक्सिकोतल्या बाहा कॅलिफोर्नियाच्या टोकाशी सान होसेला गेला. तिथे साथीचा ताप होता आणि गावात माणसं मरत होती. त्याने अधिक्रमण पाहिलं. निघता आलं असतं, पण रेखांश पक्के करण्यासाठी १८ जूनचं चंद्रग्रहणही पाहायला हवं म्हणून तो थांबला. १ ऑगस्टला तो वारला. त्याच्या वह्या सोबत्यांनी पॅरिसला पोचवल्या.

विल्यम वेल्स आणि जोझेफ डायमंड यांनी हडसन उपसागराच्या काठी अख्खा हिवाळा काढला, कारण बर्फामुळे आदल्या उन्हाळ्यातच पोचावं लागत होतं. व्हिएन्नाचे खगोलशास्त्रज्ञ माक्सिमिलियान हेल डेन्मार्कच्या राजाच्या निमंत्रणावरून वार्डोला गेले. रशियात सम्राज्ञी कॅथरीनने स्वतः लक्ष घालून अनेक तुकड्या पाठवल्या.

हेल यांनी आकड्यांत फेरफार केले होते का?

नाही. पण तसा आळ शंभर वर्षांच्या वर टिकला. हेल यांनी निकाल छापायला उशीर केला म्हणून त्यांच्या हयातीतच कुजबूज सुरू झाली होती. १८३५ मध्ये व्हिएन्नाच्या लिट्रोने त्यांची हस्तलिखितं तपासून जाहीर केलं की मूळ आकडे खोडून वेगळ्या रंगाच्या शाईने नवे लिहिले आहेत. १८८३ मध्ये अमेरिकेचे सायमन न्यूकम व्हिएन्नाला गेले आणि त्यांनी तीच पानं पाहिली. दुरुस्त्या जागच्या जागी, लिहितानाच केलेल्या होत्या. शाईच्या रंगांचं म्हणाल तर लिट्रोला रंगांधळेपणा होता. हेल निर्दोष ठरले, पण तोवर त्यांना जाऊन नव्वद वर्षं झाली होती.

शेवटी उत्तर काय मिळालं?

ऑक्सफर्डच्या टॉमस हॉर्न्सबी यांनी १७६९ ची निरीक्षणं एकत्र करून १७७१ मध्ये पराशय ८.७८ विकला आणि अंतर ९,३७,२६,९०० मैल काढलं. किलोमीटरमध्ये हे सुमारे १५.०८ कोटी होतं. आजचा आकडा १४.९६ कोटी. चूक एक टक्क्याहूनही कमी. हॅलीला अपेक्षित असलेली अचूकता गाठली नाही, पण लाकडी जहाजं, लंबकाची घड्याळं आणि हाताने केलेली गणितं यांच्या बळावर हे उत्तर आलं होतं.

त्याच निरीक्षणांतून इतरांनी वेगळी उत्तरं काढली. १८२४ मध्ये जर्मनीच्या एंकेने १७६१ आणि १७६९ या दोन्हींचा नव्या गणिती रीतीने मेळ घालून सुमारे ८.५८ विकला हा आकडा दिला. तो पुढे अनेक दशकं प्रमाण मानला गेला, आणि तो हॉर्न्सबीच्या आकड्यापेक्षा चुकीचा होता.

आज हे अंतर कसं मोजतात?

१९६१ मध्ये शुक्रावर रडारचे संदेश पाठवून त्यांना परत यायला लागणारा वेळ मोजला गेला आणि जुन्या सगळ्या पद्धती मागे पडल्या. पुढे ग्रहांकडे गेलेल्या यानांशी होणाऱ्या संपर्कातून आकडा आणखी नेमका झाला. २०१२ मध्ये आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघटनेने खगोलीय एकक १,४९,५९,७८,७०,७०० मीटर असं कायमचं ठरवून टाकलं.

पुढचं अधिक्रमण कधी? महाराष्ट्रातून दिसेल का?

८ जून २००४ चं अधिक्रमण भारतातून संपूर्ण दिसलं. ६ जून २०१२ चं सूर्योदयापासून सकाळी सव्वादहाच्या सुमारापर्यंत दिसण्यासारखं होतं, पण जूनचे ढग अनेकांच्या आड आले. शुक्राचं पुढचं अधिक्रमण ११ डिसेंबर २११७ ला आहे. महाराष्ट्रात सूर्य उगवेल तेव्हा ते सुरू झालेलं असेल आणि अकराच्या सुमाराला संपेल. त्यानंतरचं ८ डिसेंबर २१२५ ला.

आपल्या हयातीत पाहायचं असेल तर बुधाचं पाहा. १३ नोव्हेंबर २०३२ ला दुपारी साधारण सव्वाबारा ते साडेचार बुध सूर्यबिंबावरून जाईल आणि भारतातून ते दिसेल. बुधाचा ठिपका शुक्राच्या ठिपक्यापेक्षा बराच लहान असतो, त्यामुळे ग्रहणाचा चष्मा पुरणार नाही. दुर्बीण लागेल. दुर्बिणीच्या पुढच्या तोंडावर खास सूर्यासाठी बनवलेला फिल्टर घट्ट बसवा, किंवा हॉरॉक्ससारखी सूर्याची प्रतिमा पांढऱ्या कागदावर पाडा. फिल्टरशिवाय दुर्बिणीला डोळा लावू नका.